आधी कान, मग कॅमेरा

1 सप्टेंबर 1990 रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, मोहॉक आदिवासींच्या जमिनीसाठीच्या आंदोलनात टिपलेलं एक छायाचित्र बघता बघता जगभर पोहोचलं. एक तरुण सैनिक आणि तोंडाला फडकं गुंडाळलेला एक आदिवासी लढवय्या समोरासमोर उभे आहेत, दोघांच्या नाकांत बोटभर अंतर. कॅनडाच्या आधुनिक इतिहासातलं हे सर्वांत ओळखीचं छायाचित्र मानलं जातं. पण फडक्यामागचा माणूस कोण, हे ते छायाचित्र सांगत नव्हतं, त्यामुळे त्याला कुठलंही नाव चिकटवता येत होतं. ‘लझान्या’ या टोपणनावाने गाजलेला आंदोलक तो हाच, असं पुष्कळ जण धरून चालले. प्रत्यक्षात तो दूरच्या सस्कॅचवान प्रांतातून पाठिंबा द्यायला आलेला ओजिब्वे जमातीचा विद्यार्थी होता. चित्र अगदी स्पष्ट होतं, तरी माणूस चुकीचा ओळखला गेला. ते छायाचित्र निघालं त्या दिवसांत तिथेच, आंदोलकांच्या बाजूला, एक बाई ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन वावरत होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी वयाची 58 वर्षं पूर्ण केली होती. त्यांचं नाव अलानिस ओबोमसाविन. त्या दिवसांवर त्यांनी पुढे चार चित्रपट केले आणि त्यांतल्या पहिल्याने तो संघर्ष कॅनडाला नव्याने पाहायला लावला.

ओबोमसाविन यांचे पन्नासहून अधिक चित्रपट आहेत आणि ते जवळजवळ सगळे एकाच संस्थेसाठी, कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डासाठी, अर्धशतकाहून अधिक काळात झालेले आहेत. ‘आवाज नसलेल्यांचा आवाज’ हे विशेषण त्यांच्या नावामागे सर्रास लावलं जातं. मला ते पटत नाही. ज्यांच्याविषयी त्यांनी चित्रपट केले ते लोक पिढ्यान् पिढ्या बोलतच होते. अर्ज करत होते, शिष्टमंडळं पाठवत होते, न्यायालयात साक्षी देत होते. ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र कुठेच नव्हती. ओबोमसाविन यांनी ती चित्रपटाच्या माध्यमात उभी केली. माणसाचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, त्याला पुरावा म्हणून मान द्यायचा, आणि ते सरकारी कागदाशेजारी ठेवून दोन्ही पारखायचे, ही त्यांची पद्धत. तिच्यात सहानुभूती आहेच, पण मुळात ती सत्य शोधण्याची पद्धत आहे, आणि म्हणूनच त्यांच्या चित्रपटांना पक्षपाती ठरवून बाजूला सारता येत नाही, असं माझं प्रतिपादन आहे.

या पद्धतीचं मूळ त्यांच्या बालपणात दिसतं. 31 ऑगस्ट 1932 रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांचा जन्म झाला. त्या अबेनाकी जमातीच्या. तान्ह्या असतानाच त्या क्वेबेकमधल्या ओडानाक या अबेनाकींच्या राखीव वसाहतीत आल्या आणि मावशीच्या घरी वाढल्या. आईचे एक नातलग तेओफिल पनादिस यांच्याकडून त्या जमातीच्या कथा आणि गाणी शिकल्या. शिक्षण सगळं तोंडी, ऐकून लक्षात ठेवण्याचं. नऊ वर्षांच्या असताना कुटुंब त्र्वा-रिव्हिएर या शहरात गेलं. तिथे आदिवासी म्हणून हे एकच घर. शाळेत फ्रेंच, इतिहासाच्या पुस्तकात आदिवासी म्हणजे पाद्र्यांचे हाल करणारे रानटी, आणि तो धडा झाला की वर्गातल्या मुलांचा मार. त्या बारा वर्षांच्या असताना वडील क्षयाने गेले. छापील पुस्तक एक सांगतं आणि घरात ऐकलेलं काही निराळंच आहे, या विसंगतीशी त्यांची गाठ इतक्या कोवळ्या वयात पडली. पुढच्या सगळ्या कामात त्या हीच विसंगती तपासत राहिल्या.

त्या आधी गायिका झाल्या, हेही या दृष्टीने महत्त्वाचं. 1960 साली न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी गायन केलं. त्यानंतरच्या वर्षांत शाळा, तुरुंग, राखीव वसाहती असं त्या गाणी आणि कथा घेऊन फिरल्या. ओडानाकच्या मुलांना पोहायला जागा उरली नव्हती. नदी प्रदूषित झाली होती आणि शेजारच्या गावातल्या तलावात आदिवासी मुलांना प्रवेश नव्हता. ओबोमसाविन यांनी गाण्याचे कार्यक्रम करून पैसे उभे केले आणि वसाहतीसाठी पोहण्याचा तलाव बांधून घेतला. 1966 साली कॅनडाच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने त्यांच्यावर एक कार्यक्रम दाखवला. तो पाहून फिल्म बोर्डातल्या दोन निर्मात्यांनी, वुल्फ केनिग आणि बॉब व्हेरॉल यांनी, त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. 1967 साली त्या तिथे दाखल झाल्या. फिल्म बोर्डाची स्थापना 1939 ची आणि आदिवासींवर तिथे तोवर बरेच चित्रपट झालेले होते. त्यांत आदिवासी दिसायचे आणि बोलायचा निवेदक.

त्यांचा पहिला चित्रपट, ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’ (1971), अवघ्या तेरा मिनिटांचा आहे. जेम्स उपसागराजवळच्या निवासी शाळेत शिकणाऱ्या क्री जमातीच्या मुलांनी रंगीत खडूंनी काढलेली चित्रं पडद्यावर येतात आणि त्यांवर मुलांचं स्वतःचं बोलणं ऐकू येतं. बर्फ, कुत्री, नाताळचा दिवस, घरची माणसं. कुणी मोठा माणूस अर्थ सांगायला येत नाही. या निवासी शाळांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्या चित्रांतलं घर फार बोचतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1990 च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरांपासून तोडून अशा शाळांत ठेवलं गेलं. तिथे त्यांच्या भाषा बंद पाडल्या आणि अनेकांचा छळ झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली ती 2008 च्या जूनमध्ये. ओबोमसाविन यांनी त्याच्या सदतीस वर्षं आधी त्या मुलांसमोर कागद ठेवला होता आणि त्यांना बोलू दिलं होतं.

त्यांची कामाची रीत पुढेही तीच राहिली. नव्या विषयासाठी त्या आधी एकट्याच जातात, सोबत फक्त ध्वनिमुद्रणाचं यंत्र. दिवे नाहीत, कॅमेरा नाही, माणसांचा ताफा नाही. समोरच्याला हवा तेवढा वेळ बोलू देतात. चित्रीकरण नंतर, आणि पुष्कळदा पडद्यावर ऐकू येतो तो आवाज त्या पहिल्या भेटीतलाच असतो. कॅमेऱ्यासमोर माणूस सावध होतो, थोडक्यात आटपतो, समोरच्याला हवं ते सांगू लागतो. मुलाखती घेणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. तरीही बहुतेक माहितीपटांत आधी दृश्य ठरतं आणि माणूस त्या दृश्यात बसवला जातो. ओबोमसाविन यांनी हा क्रम उलटा केला आणि पन्नास वर्षं तो सोडला नाही.

या रीतीची कसोटी लागली ‘इन्सिडेंट ॲट रेस्टिगूश’ (1984) मध्ये. क्वेबेक आणि न्यू ब्रुन्सविक यांच्या सीमेवर नदीकाठी मिकमॅक जमातीची वसाहत आहे. सॅमन मासा हे तिथलं अन्न आणि उत्पन्नही. 1981 मध्ये क्वेबेकच्या मत्स्यखात्याने आदिवासींच्या जाळ्यांवर कडक निर्बंध घातले आणि ते मानायला वसाहत तयार होईना. 11 जूनला प्रांताच्या पोलिसांनी शेकडोंच्या संख्येने, हेलिकॉप्टरसह, छापा घातला. जाळी जप्त झाली, माणसांना मारहाण आणि अटक झाली. 20 जूनला पुन्हा छापा. निमित्त माशांच्या रक्षणाचं, पण त्या पाण्यातला सॅमन मोठ्या प्रमाणात नेणाऱ्या व्यापारी बोटींवर आणि हौशी शिकाऱ्यांवर असं पोलीसदल कुणी पाठवलं नव्हतं.

छाप्याच्या वेळी ओबोमसाविन तिथे नव्हत्या. हाताशी होती ती काही स्थिर छायाचित्रं आणि लोकांच्या आठवणी. चित्रपट उभा राहतो तो या आठवणींवर. एक माणूस सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, तिसऱ्याचं सांगणं छायाचित्राशी जुळतं. चौकशी अधिकाऱ्याने करायचं काम इथे एक दिग्दर्शिका करते आहे, आणि करणारं दुसरं कुणी नव्हतं. फिल्म बोर्डातून त्यांना सांगण्यात आलं होतं की आदिवासींच्या मुलाखती घ्या, गोऱ्यांच्या नकोत. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. त्यांनी ते ऐकलं नाही. छाप्याचा आदेश देणारे मत्स्यमंत्री ल्युसियाँ लेसार यांना त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवलं.

तो प्रसंग माहितीपटांच्या इतिहासात गाजला आणि तो बारकाईने पाहावा असाच आहे. सार्वभौमत्वासाठी स्वतःची संस्कृती, भाषा आणि भूमी लागते, असं मंत्र्यांनी मिकमॅक प्रमुखाला ऐकवलं होतं. म्हणजे हे तुमच्याकडे कुठे आहे, असा त्याचा अर्थ. ओबोमसाविन यांनी तेच वाक्य मंत्र्यांसमोर ठेवलं. त्यांचा शांत आवाज इथे चढतो. ही भूमी घेतली कुणी, असा त्यांचा रोख आहे. हे मंत्री ज्या पक्षाचे होते त्याच पक्षाने वर्षभरापूर्वी, 1980 च्या मे महिन्यात, क्वेबेकला सार्वभौमत्व मिळावं म्हणून जनमत घेतलं होतं आणि त्यात तो हरला होता. आपली भाषा, आपली संस्कृती, आपली भूमी हीच त्या पक्षाची घोषणा होती. स्वतःसाठी मागितलेलं शेजाऱ्याला नाकारताना मंत्र्यांचा चेहरा कसा होतो, हे पडद्यावर दिसतं. मुलाखतकाराने तटस्थ राहावं या नियमाचा इथे भंग होतो, हे खरं. पण लोकांचं सांगणं आधी पूर्ण ऐकलेलं असल्यामुळे त्यांच्याकडे विचारण्यासारखा नेमका प्रश्न होता. कोरी पाटी घेऊन गेलेल्या वार्ताहराला मंत्र्यांनी आकडेवारी देऊन वाटेला लावलं असतं.

याच वसाहतीत 1976 साली जन्मलेला जेफ बार्नबी पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. या चित्रपटाचं ऋण त्याने उघडपणे मान्य केलं होतं, आणि आपल्या ‘ब्लड क्वांटम’ (2019) या भयपटाचं कथानक त्याने 1981 सालात ठेवलं. 2022 मध्ये तो अकाली गेला. आपल्या गावावरचा छापा बातमीत आला तसाच घडला नव्हता, हे ज्या मुलाला पडद्यावर पाहायला मिळालं, त्याच्यासाठी सिनेमा म्हणजे नुसती करमणूक राहिली नसणार.

‘रिचर्ड कार्डिनल’ (1986) हा तीस मिनिटांहूनही छोटा चित्रपट. अल्बर्टा प्रांतातल्या या मेटी (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या) मुलाला चौथ्या वर्षी घरातून काढून सरकारने संगोपनासाठी दुसऱ्यांकडे सोपवलं. पुढच्या तेरा वर्षांत त्याची 28 ठिकाणी रवानगी झाली. 1984 मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने जीव दिला. मागे त्याची वही राहिली. खात्याच्या दफ्तरात प्रत्येक बदलीची नोंद होती. मुलाला काय वाटतं, हे कुणी विचारल्याची खूण नव्हती. ओबोमसाविन यांनी ती वही ऐकवली. इथे ऐकायला माणूसच उरलेला नाही, तरी पद्धत तीच. कुणाला दोष द्यायची घाई चित्रपट करत नाही. एकामागून एक पत्ते येत जातात आणि त्या पत्त्यांमधून एका मुलाचं लिहिणं ऐकू येतं. त्यांच्या छोट्या चित्रपटांत मी याला सर्वांत वर ठेवेन.

आणि मग 1990. माँट्रियालजवळच्या ओका गावाने आपलं नऊ छिद्रांचं गोल्फचं मैदान अठरा छिद्रांचं करायचं ठरवलं. त्यासाठी लागणाऱ्या जमिनीत कानेसताके इथल्या मोहॉक लोकांचं पाइनचं वन होतं आणि लागूनच त्यांची दफनभूमी. ही जमीन फ्रान्सच्या राजाने 1717 साली सल्पिशियन पंथाच्या पाद्र्यांच्या नावे केली होती आणि तेव्हापासून मोहॉक लोक तिच्यावरचा आपला हक्क सांगत आले होते. मार्च महिन्यात त्यांनी वनात जाणारा रस्ता अडवला. 11 जुलैच्या पहाटे पोलिसांनी चाल केली तेव्हा सामोऱ्या गेल्या त्या बायका. अश्रुधूर सुटला, गोळीबार झाला आणि मार्सेल लेमे हे पोलीस कॉर्पोरल ठार झाले. पोलीस गाड्या टाकून मागे हटले आणि त्याच गाड्या मोहॉकांनी रस्त्यावर आडव्या घातल्या. शेजारच्या कानावाके वसाहतीतल्या मोहॉकांनी माँट्रियालला जाणारा मर्सिए पूल रोखला. ऑगस्टमध्ये लष्कर आलं. 26 सप्टेंबरला आंदोलक बाहेर पडले तोवर 78 दिवस झाले होते.

ओबोमसाविन पहिल्या दिवसापासून तिथे होत्या. बाकीच्या पत्रकारांवर बाहेर पडण्याचा दबाव वाढत गेला, बरेच गेले, त्या राहिल्या. ‘कानेसताके: 270 इयर्स ऑफ रेझिस्टन्स’ (1993) हा दोन तासांचा चित्रपट त्या मुक्कामातून आला. बातम्यांत फडकी बांधलेले बंदूकधारी दिसत होते. ते चित्रपटातही आहेत, पण सोबत स्वयंपाक करणाऱ्या बायका आहेत, काटेरी तारांजवळ खेळणारी मुलं आहेत, वाटाघाटींतून थकून परतणारी माणसं आहेत, आणि रात्री सैनिकांशी तारेपलीकडून चाललेली शाब्दिक चकमकही आहे. मध्येच चित्रपट मागे जातो आणि अडीच शतकांचा जमिनीचा व्यवहार सांगतो. हे मागे जाणं फार महत्त्वाचं. बातमीत संघर्ष सुरू होतो तो 11 जुलैला आणि गुन्हेगार ठरतो तो अडथळा घालणारा. चित्रपटात तो सुरू होतो 1717 ला. त्यामुळे अडथळा आधी कुणी घातला, हा प्रश्न उभा राहतो.

शेवटच्या दिवशी बाहेर पडताना झालेल्या झटापटीत चौदा वर्षांच्या वानीक हॉर्न-मिलर या मुलीला संगिनीचा वार लागला. तेव्हा चार वर्षांची धाकटी बहीण तिच्यासोबत होती. हीच वानीक पुढे 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या महिला वॉटर पोलो संघाची सहकर्णधार झाली. चित्रपटाला 1993 च्या टोरांटो महोत्सवात सर्वोत्तम कॅनेडियन चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. तोवर हा मान कुठल्याही माहितीपटाला मिळालेला नव्हता. दूरचित्रवाणीवर मात्र तो कॅनडाआधी ब्रिटनच्या चॅनल फोरवर झळकला. एखाद्या देशाने स्वतःच्याच पैशाने काढलेलं, स्वतःच्याच अंगणातलं सत्य आधी परक्या देशाने दाखवावं, ही त्या देशाच्या वाहिन्यांना शोभणारी गोष्ट नव्हती.

तोंडी सांगण्याला पुरावा मानायचं का, हा प्रश्न सिनेमापुरता नाही. 1987 साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गित्सान आणि वेतसुवेतेन लोकांच्या जमिनीचा दावा सुरू झाला. मेरी जॉन्सन नावाच्या गित्सान वृद्धेने आपल्या कुळाचा जमिनीशी असलेला संबंध सांगणारं गीत न्यायालयात म्हटलं. त्यांच्या समाजात तोच मालकीचा दस्तऐवज. न्यायाधीश ॲलन मॅकेकर्न यांनी आपल्याला सुरांचा कान नाही असं सांगून त्याचा उपयोग नाकारला आणि 1991 च्या निकालात मौखिक इतिहासाला फारसं वजन दिलं नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये तो निकाल फिरवला. मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने तोललं पाहिजे, असं त्या निकालाने ठरवून दिलं. ओबोमसाविन ते तत्त्व पडद्यावर 1971 पासून पाळत होत्या.

‘ट्रिक ऑर ट्रीटी?’ (2014) हा त्यांचा चित्रपट तर थेट याच प्रश्नावर आहे. 1905 च्या ‘तह क्रमांक 9’ने उत्तर ऑन्टेरिओतला प्रचंड मुलूख सरकारकडे गेला. इंग्रजी मजकुरात आदिवासींनी सर्व हक्क सोडून दिले असं लिहिलेलं आहे. त्यांच्या वंशजांचं म्हणणं पिढ्यान् पिढ्या एकच: आमच्या पूर्वजांना तसं सांगितलंच नव्हतं, पूर्वीसारखी शिकार आणि मासेमारी करा, असं तोंडी वचन दिलं होतं. कागद विरुद्ध आठवण असा हा सामना, आणि कागद नेहमीच जिंकायचा. मग तह करायला गेलेल्या आयुक्तांपैकी एक, डॅनियल मॅकमार्टिन, यांची रोजनिशी उजेडात आली आणि तिच्यात त्या तोंडी वचनांची नोंद सापडली. जे लोक शंभर वर्षं हे सांगत होते त्यांची आठवण शाबूत होती. खोटा पडला तो कागद.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सगळ्यांत मोठा आक्षेप एकतर्फीपणाचा. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. कानेसताकेच्या चित्रपटात खुद्द मोहॉक समाजातले मतभेद फारसे दिसत नाहीत. सशस्त्र गटाबद्दल सगळ्या मोहॉकांचं मत सारखं नव्हतं. निवडून आलेल्या परिषदा आणि परंपरागत दीर्घगृहाची (लाँगहाऊस), म्हणजे कुळांच्या पारंपरिक सभेची व्यवस्था यांच्यातला ताण जुना होता. कॉर्पोरल लेमे यांच्या मृत्यूला चित्रपटात मिळालेली जागा मला अपुरी वाटते, कारण ती गोळी कुणी झाडली हे शेवटपर्यंत निश्चित झालं नाही आणि एका घरातला माणूस गेला हे तर खरंच आहे. पण एकतर्फी असणं आणि असत्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वकील एका बाजूचा असतो. त्याने मांडलेला पुरावा त्यामुळे खोटा ठरत नाही. तो खोटा आहे हे दुसऱ्या पुराव्याने दाखवावं लागतं. रेस्टिगूशच्या चित्रपटातल्या मंत्र्यांना बोलायची पूर्ण संधी होती, आणि ते जे बोलले ते तिथेच आहे. शिवाय दुसरी बाजू कुणी मांडलीच नाही अशी स्थिती त्या 78 दिवसांत कधीही नव्हती. पंतप्रधानांपासून गावच्या महापौरांपर्यंत सगळ्यांना रोज रात्री बातम्यांत वेळ मिळत होता. ज्या देशाच्या दफ्तरात, पाठ्यपुस्तकांत आणि बातम्यांत एकच बाजू भरलेली आहे, तिथे दुसऱ्या बाजूचा नीट तपासलेला पुरावा मांडणारा चित्रपट तोल बिघडवत नाही, सावरतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारच्या संस्थेत पगारावर राहून सरकारविरुद्ध चित्रपट करणं म्हणजे सरकारने आपल्या उदारपणाची जाहिरात करून घेणं, असं काही जण म्हणतात. हा आक्षेप भारतातल्या वाचकाच्या मनात तर येणारच, कारण आपल्याकडच्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा अनुभव निराळा होता. त्या तुलनेत एक प्रत्यक्ष दुवा आहे. माहितीपटकार आनंद पटवर्धन माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठात शिकले आणि ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी शेतमजुरांच्या संघटनेवरचा ‘अ टाइम टू राइज’ (1981) हा माहितीपट त्यांनी जिम मन्रो यांच्यासह केला, तो याच फिल्म बोर्डासाठी. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांना आपले चित्रपट दूरदर्शनवर दाखवले जावेत म्हणून वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली. फिल्म बोर्ड सरकारी पैशावर चालतं, पण कुठला चित्रपट करायचा हे मंत्री ठरवत नाहीत; ती रचना कायद्याने केलेली आहे. ती पुरेशी नव्हती, हे रेस्टिगूशच्या वेळी बोर्डातूनच झालेल्या अडवणुकीवरून दिसतं. तरीही त्या रचनेत एका हट्टी माणसाला टिकून राहता आलं. आणि ओबोमसाविन शोभेपुरत्या ठेवल्या गेल्या असं म्हणावं, तर 2017 साली बोर्डाने निर्मितीच्या खर्चातला 15 टक्के वाटा आदिवासी दिग्दर्शकांच्या कामासाठी ठेवण्याचं जाहीर केलं. ते त्यांच्या पन्नास वर्षांच्या उपस्थितीशिवाय घडलं असतं, असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप कलेचा. बोलणारे चेहरे, सरळ निवेदन, न्यायालयातली लांबलचक दृश्यं; यात सिनेमा कुठे आहे? ‘वी कान्ट मेक द सेम मिस्टेक ट्वाइस’ (2016) हा चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे आणि त्यातला बराच भाग मानवी हक्क न्यायाधिकरणासमोरच्या सुनावणीचा आहे. राखीव वसाहतींतल्या मुलांच्या कल्याणासाठी सरकार इतर मुलांपेक्षा कमी पैसे देतं, ही तक्रार सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने 2007 मध्ये केली होती. तो चित्रपट पाहायला कठीण आहे, हे मी नाकारत नाही. काही भाग आटोपशीर झाला असता तर बरं झालं असतं. पण सरकारी वकील नऊ वर्षं कशी टाळाटाळ करतात, हे त्या टाळाटाळीचा कंटाळा सोसल्याशिवाय कळणार कसं? दोन मिनिटांच्या तुकड्यात तो निव्वळ निकाल झाला असता. आणि ज्यांना त्यांच्या कलेविषयी शंका आहे त्यांनी निवेदनातला त्यांचा स्वतःचा आवाज ऐकावा. तो खालच्या पट्टीत आणि सावकाश येतो, गायिकेचा आहे हे कळतं, आणि तो कधीही दुसऱ्याच्या बोलण्यावर चढत नाही. 1988 च्या ‘बुश लेडी’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत हाच आवाज गातो. ती 2018 मध्ये पुन्हा प्रकाशित झाली.

राहिला शेवटचा आक्षेप: या सगळ्याने बदललं काय? पाइनचं वन वाचलं, गोल्फचं मैदान वाढलं नाही, पण जमिनीचा मूळ वाद आजही मिटलेला नाही. मी याचं श्रेय किंवा अपश्रेय चित्रपटाला देणार नाही. चित्रपट कायदा करत नाही. तो कायदा करणाऱ्यांना ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणू देत नाही, इतकंच. जानेवारी 2016 मध्ये न्यायाधिकरणाने सरकार मुलांशी भेदभाव करतं असा निर्णय दिला आणि 2023 मध्ये त्या मुलांना आणि कुटुंबांना 23 अब्ज डॉलरहून अधिक भरपाई देण्याच्या समझोत्याला न्यायालयाची मंजुरी मिळाली. 2019 च्या ‘जॉर्डन रिव्हर अँडरसन, द मेसेंजर’ या चित्रपटात ओबोमसाविन यांनी मॅनिटोबातल्या एका मुलाची हकिगत सांगितली आहे. घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, या वादात तो घरी जाऊ शकला नाही आणि 2005 मध्ये, पाच वर्षांचा असताना, इस्पितळातच वारला. उपचार आधी, खर्चाचा वाद नंतर, हे त्याच्या नावाचं तत्त्व संसदेने 2007 मध्ये मंजूर केलं आणि सरकारने ते वर्षानुवर्षं नीट पाळलं नाही. ही लढाई लढली ती कुटुंबांनी आणि ब्लॅकस्टॉक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी. पण ती कशी लढली गेली, कोण काय बोललं, कोण कुठे गप्प राहिलं, याचं दफ्तर आता सरकारच्या ताब्यात नाही.

नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांना मान पुष्कळ मिळाले. 2020 मध्ये ग्लेन गूल्ड पुरस्कार, 2022 मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या संपूर्ण कामाचं प्रदर्शन. माहितीपटांवरच्या आपल्याकडच्या चर्चेत मात्र त्यांचं नाव क्वचितच निघतं. ही उणीव भरून काढणं अवघड नाही. त्यांचे अनेक चित्रपट फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. सुरुवात ‘इन्सिडेंट ॲट रेस्टिगूश’ने करावी, तो पाऊण तासाचा आहे. मंत्र्यांची मुलाखत आली की दृश्य थोडं मागे घ्यावं आणि ती दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या आवाजाकडे लक्ष ठेवावं. त्यानंतर एक संध्याकाळ मोकळी काढून कानेसताकेचा चित्रपट पाहावा, आणि तो अर्ध्यावर सोडू नये.